पुढे काम चालू आहे

आयुष्यभर बस चालवली, पण कुठे साधा ओरखडासुद्धा उठला नाही, हे निवृत्त ड्रायव्हर भेटेल त्याला ऐकवायचा. त्या दिवशी तो बायकोला घेऊन स्वतःच्या गाडीने लेकीकडे निघाला होता. "अहो, जरा हळू, पुढे रस्त्याचं काम चाललंय," बायको म्हणाली. "तू मला शिकवू नकोस. हा रस्ता मी डोळे मिटून पार करीन," असं म्हणत त्याने गमतीत खरंच डोळे मिटले. ती किंचाळली तोवर उशीर झाला होता. लाल झेंडा दाखवणारा मजूर उडून खडीच्या ढिगावर आपटला. बायको धावली. मजुराचा श्वास थांबला होता. "अहो, खाली उतरा ना!" ती ओरडली. नवरा स्टिअरिंग घट्ट धरून नुसता समोर बघत राहिला. मागून भरधाव ट्रक येत होता. रस्त्यावर पडलेला झेंडा उचलून ती मजुराच्या जागी उभी राहिली.