चार नंबर गेटचं पार्किंग

आक्का उंबऱ्यावर बसली होती आणि उठायचं नाव घेत नव्हती. साहेब येऊन गेले, पोलीस येऊन गेले, पाडकामाचा मुकादम तर हात जोडून गेला. तिने प्रत्येकाला एकच सांगितलं, की घर पाडायचं तर माझ्यासकट पाडा.

गल्लीतली बाकीची घरं कधीच आडवी झाली होती. उरलं होतं आक्काचं घर आणि त्याला चिकटून असलेलं न्हाव्याचं दुकान. न्हाव्याला कोर्टाने मुदत वाढवून दिली होती, आक्काची मुदत आज संपत होती. मागे नवं स्टेडियम उभं होतं, इतकं उंच की जेवणवेळेनंतर गल्लीत ऊन म्हणून येत नव्हतं.

बरं, घर जाणार होतं ते मैदानासाठीही नव्हे. खेळणाऱ्या पोरांसाठी गेलं असतं तर एक वेळ मनाची समजूत घातली असती. ते जाणार होतं चार नंबर गेटच्या पार्किंगसाठी. माणसं हलवा आणि मोटारी उभ्या करा, असा हा न्याय. याच गल्लीने एका गटारासाठी हेलपाटे घालून चपला झिजवल्या, तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. स्टेडियम ठरलं मात्र, आणि बघता बघता गटार झालं, दिवे लागले, रस्ता गुळगुळीत झाला. सगळं आलं, फक्त तिथे राहणारी माणसं तेवढी नकोशी झाली. मेल्यांना लाज नाही ती नाहीच.

आक्काने या घरात पिशव्या शिवून दोन मुलगे वाढवले. थोरल्याने गावाबाहेरच्या इमारतीत मिळालेली खोली मुकाट घेतली आणि आईला सांगितलं, की तिथे लिफ्ट आहे. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, असं म्हणून आक्काने त्याच्याशी बोलणं टाकलं.

तिचा सगळा भरवसा धाकट्यावर. तो बाहेरगावी मोठमोठ्या रस्त्यांच्या कामावर असायचा. काम नेमकं कसलं, हे तिने कधी खोदून विचारलं नव्हतं. पोरगा धडधाकट आहे, फोन करतो, मग आणखी काय हवं. तो काल घरी आला तेव्हा तिने अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की आता यावं म्हणावं कोण येतंय ते. ऐकायला गल्लीत एकटा न्हावीच होता.

सकाळी धाकटा घरभर हिंडला. गॅसची टाकी सोडवून न्हाव्याकडे ठेवली, शिवणयंत्र उचलून तिकडेच नेलं, खांबावरून आलेली वायर काढून घेतली. मग बोटाच्या पेरांनी भिंती ठोकत एकेक खोली फिरला. तुळई कुठे टेकली आहे ते पाहिलं. न्हाव्याची आणि आपली भिंत एकच का, असंही विचारलं. आक्काला भरून आलं. थोरल्याने जाताना मागे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं. हा बघा, भिंतींचाही निरोप घेतोय.

जेवताना तिने पाडकामाच्या मशीनवाल्यांचा उद्धार सुरू केला. गल्लीतल्या शिंपिणीचं घर पाडताना त्यांच्यातल्या एकाने भिंत सरळ शेजारच्या खोलीवर ढकलली होती. आतलं कपाट चेपलं, पाळणा चेपला. नशीब, पाळणा रिकामा होता.

"असली कामं करणाऱ्यांना आई असते का रे?" तिने विचारलं.

धाकट्याने तोंडातला घास गिळला. "असते. पोटासाठी करतात, आई."

"पोटासाठी मीही केलं. कुणाच्या घरावर नाही चढले."

धाकट्याने ताट स्वच्छ केलं, हात धुतले आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. थोड्या वेळाने बायका पोलीस येतील आणि तुला फरफटत नेतील, ते मला बघवणार नाही, असं त्याने तिला परोपरीने सांगितलं. आक्का हटेना. शेवटी त्याने तिचे दोन्ही हात धरले.

"तू बाहेर ये. घराची शेवटची वीट पडेपर्यंत मी इथून हलत नाही."

"आणि तो मशीनवाला?"

"त्याचं मी बघतो."

एवढ्यावर ती उठली. दुसऱ्या कुणाच्या शब्दावर ती उठली नसती. मुकादमाने रस्त्यावर दोरी बांधली होती. दोरीच्या अलीकडे न्हाव्याने दुकानातली खुर्ची आणून ठेवली, तिच्यावर आक्का बसली. धाकटा मशीन उभं होतं त्या कोपऱ्याकडे तरातरा चालत गेला.

"बघ आता," आक्का न्हाव्याला म्हणाली, "त्या मशीनवाल्याची काही धडगत नाही."

न्हावी आपल्या चपलांकडे बघत राहिला.

कोपऱ्यामागे मशीन घुरघुरलं आणि वळण घेऊन गल्लीत शिरलं. धाकटा कुठेच दिसेना. पोराला धरून नेलं की काय मेल्यांनी, मारलं की काय. आक्का दोरीखालून वाकून पलीकडे गेली, पायातली चप्पल हातात घेतली आणि थेट त्या धुडापुढे जाऊन उभी राहिली. काचेवर धुळीचा थर होता, आतलं काही दिसत नव्हतं. घसा फुटेपर्यंत ओरडून तिने ड्रायव्हरला सांगितलं, की खाली उतर, तोंड दाखव आणि माझं पोर कुठे आहे ते बोल.

मशीन थांबलं. केबिनचं दार उघडलं.

"मुकादम," धाकटा आतून म्हणाला, "आईला जरा दोरीच्या मागे न्या."