राजाच्या हातची जमीन

हुनवाल्डने गुडघे टेकले, बांधाजवळची माती सुरीने चौकोनी कापली आणि गवतासकट उचलली. भाकरीएवढं ढेकूळ. मुळांतून एक गांडूळ वळवळत बाहेर आलं, ते त्याने बोटाने अलगद खाली सोडलं.

"काका, अजून विचार करा," मागून त्याचा पुतण्या ओस्लाक म्हणाला.

"तूच कर. घास तुझ्या तोंडचा चाललाय, माझ्या नाही."

बांधावर जमलेले अकरा भाऊबंद हसले. ओस्लाक हसला नाही. म्हातारा खोटं बोलत नव्हता. कुळाच्या रिवाजाप्रमाणे ही पाच नांगरांची जमीन हुनवाल्डमागे भावाच्या मुलाला, म्हणजे ओस्लाकला जायची, आणि हुनवाल्डच्या एकुलत्या एका लेकीने, लुफाने, ओस्लाकच्या चुलीपाशी आश्रितासारखं राहायचं. यातून वाट एकच होती. राजाने कातड्यावर लिहून दिलेली जमीन वाटेल त्याला देता येते. भाऊबंदांचं मग तिथे काही चालत नाही. त्यासाठी म्हाताऱ्याने दोन वर्षं दरबारात खेटे घातले, दोन चांगले घोडे नजर केले. तेव्हा कुठे आज केंटच्या राजाचा कारभारी बेर्नोथ शेतावर उगवला होता. सोबत लिहिणारा एक पाद्री आणि आठ हत्यारबंद स्वार.

एक कातडं वाचायला आठ स्वार कशाला, हे हुनवाल्डच्या ओठांवर आलं होतं. पण चांगल्या कामात असलं कोण विचारतं. त्याने गिळून टाकलं.

"साधं आहे," बेर्नोथ घोड्यावरून उतरत म्हणाला. "जे आपलं नाही ते राजा देणार कसं? म्हणून जमीन आधी त्याची व्हायला हवी. तुम्ही ढेकूळ माझ्या हातात ठेवायचं आणि 'ही जमीन राजाची' असं तीनदा म्हणायचं. भाऊबंदांनी 'ऐकलं' म्हणायचं. मग राजा ती तुम्हाला देणार. घटकाभराचं काम."

"आणि त्या घटकाभरात ती कोणाची?" ओस्लाकने विचारलं.

"तुझ्या बापाची," हुनवाल्ड खेकसला. पुन्हा हशा झाला.

लुफा जवाच्या बिअरचं शिंग घेऊन बाजूला उभी होती. तिच्याकडे बघून म्हाताऱ्याला उभारी आली. त्याने ढेकूळ बेर्नोथच्या ओंजळीत ठेवलं.

"ही जमीन राजाची."

"ऐकलं," भाऊबंद म्हणाले.

"ही जमीन राजाची."

"ऐकलं."

तिसऱ्या वेळीही तो म्हणाला. सगळ्यांनंतर, खाली बघत, ओस्लाकही म्हणाला, "ऐकलं."

बेर्नोथने ढेकूळ फडक्यात गुंडाळलं, खोगिराच्या पिशवीत ठेवलं आणि पिशवीचा बंद आवळला.

हुनवाल्डचे दोन्ही हात पुढे पसरलेले होते. ते तसेच राहिले.

"आता मला द्यायचं ना?"

"देणार तर. राजा दिल्याशिवाय राहतो का? फक्त कोणाला, ते तो ठरवणार. जमीन त्याची आहे." बेर्नोथने एका स्वाराला जवळ बोलावलं. रुंद मानेचा, अर्धा कान तुटलेला माणूस. "हा विगहेल्म. राजासाठी दोन लढाया लढलाय. बिचाऱ्याला अजून ना घर ना बायको." त्याने लुफाकडे पाहिलं. "तुम्हाला जमीन लेकीकडे राहायला हवी होती. राहील. नवऱ्याच्या नावाने राहील, एवढंच."

लुफाच्या हातातलं शिंग कलंडलं आणि बिअर गवतात सांडली.

हुनवाल्ड गर्रकन वळला. "ओस्लाक, शपथ घ्या रे. बारा जणांनी शपथेवर सांगितलं की जमीन आपल्या कुळाची, तर राजालाही ऐकावं लागतं. तुम्ही बारा आहात. घ्या शपथ."

अकरा जणांनी ओस्लाककडे पाहिलं.

"कसली शपथ घेऊ, काका?" ओस्लाक म्हणाला. "तुम्ही राजाची म्हणालात आणि आम्ही ऐकलं म्हणालो. तीनदा. आता त्याच तोंडाने उलटं बोललो तर खोट्या शपथेपायी आमचीही घरं जातील."

त्याच्या आवाजात कुजकेपणा असता तर म्हाताऱ्याला निदान चिडता आलं असतं. पण पोराचा चेहरा पांढराफटक पडला होता. जमीन त्याचीही गेली होती. तो कुंपणाच्या कडेने चालू लागला. बाकीचेही एकेक करून पांगले.

हुनवाल्ड किती वेळ तिथे उभा होता, त्याचं त्याला कळलं नाही. घराकडे आला तेव्हा दाराशी आठ घोडे बांधलेले होते आणि परसातली त्याची कोंबडी कोणीतरी पिसं काढून खुंटीला टांगली होती. आत चुलीजवळच्या त्याच्या खुर्चीत विगहेल्म बसला होता. बूट काढून पाय निखाऱ्यांकडे केलेले, सुरीच्या टोकावर चीजचा तुकडा. लुफा खाली मान घालून त्याला बिअर ओतत होती. तिने बापाकडे वर पाहिलं नाही.

आत जावं की नाही, ते म्हाताऱ्याला समजेना. तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

विगहेल्मने तोंडातला घास संपवला. माणूस वाईट नव्हता. त्याने भिंतीकडेच्या बाकाकडे सुरी दाखवली.

"या ना, म्हातारबा. बाहेर का उभे? आपलंच घर समजा."