आतून कडी

चर्चच्या पाळकसाहेबांचा पारा चढला होता. कादंबरीचे कागद टेबलावर आपटत ते म्हणाले, “बाई, खुनी आपल्या मंडळीतला? तोही पहिल्या बाकावर बसणारा? बाहेरचा कुणीतरी दाखवा, नाहीतर संडे स्कूल तुमच्याकडे राहणार नाही!”

रहस्यकथा लिहिण्यात हयात घालवलेल्या बाई ढिम्म हलल्या नाहीत. “बाहेरचा येईल कुठून? खून झाला तेव्हा चर्चला आतून कडी होती.”

“मग ती कडी काढा! असला माणूस आपल्यात नाही.”

“दर रविवारी आपण सगळे उभं राहून ‘आम्ही पापी आहोत’ म्हणतो ना?”

“अहो, ते म्हणायचं असतं!”

बाईंनी संडे स्कूलची किल्ली त्यांच्यापुढे सरकवली.

“मी त्यातल्या एकाचं खरं धरलं, एवढंच.”