एलिएसेरचं माप

“चोपन्न,” एलिएसेर म्हणाला.

“पाय फाकव आधी,” डोन्या रोसाल्बा म्हणाली. तिनं लाकडी पट्टी त्याच्या मांड्यांमध्ये वर सरकवली आणि भिंतीवर खडूनं खूण केली. मग हात मोजले, धड मोजलं. दुइतामाच्या सायकल-संघानं यंदा पहिल्यांदाच सायकलींच्या फ्रेम बनवायचं काम तिला दिलं होतं आणि ती कुणाच्या तोंडच्या मापावर विश्वास ठेवणारी नव्हती.

“एक्कावन्न,” तिनं निकाल दिला. “इतकी वर्षं चोपन्नच्या फ्रेमवर लोंबकळत होतास? पाठ आहे की गेली?”

“आहे थोडी.”

थोडीच होती. रोज सकाळी खाटेवरून उठताना तो भिंतीला धरून उठायचा. असाच अजून एक हंगाम काढलास तर सायकल कायमची सुटेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं. आणि सायकल सोडली तर एलिएसेरला दुसरं येत काय होतं?

पण चोपन्न हे फेर्मिनचं माप होतं. फेर्मिन म्हणजे संघाचा म्होरक्या. ऐन घाटात म्होरक्याचं चाक बसलं, तर मदतीची गाडी मागून येईपर्यंत शर्यत हातची जाते. अशा वेळी सोबतच्या गड्यानं खाली उतरायचं आणि आपली सायकल त्याला देऊन टाकायची. एलिएसेर हा तो गडी. म्हणून त्याची फ्रेम फेर्मिनच्या मापाची. गेल्या वर्षी त्यानं अशीच सायकल दिली आणि पंक्चर झालेली घेऊन धुक्यात कुडकुडत उभा राहिला. फेर्मिन जिंकला. गावानं फेर्मिनला खांद्यावर घेतलं, तेव्हा सगळ्यात मोठ्यानं एलिएसेरच ओरडत होता.

लोकांना वाटे, बिचारा. एलिएसेरला तसं कधीच वाटलं नाही. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं होतं तेव्हा मालक त्याला संघातून काढायला निघाला होता. फेर्मिन मालकाच्या ओसरीवर जाऊन बसला. तो नसेल तर मीही नाही, म्हणाला, आणि हो म्हणेपर्यंत उठला नाही. असा माणूस आपल्याला भेटला, याबद्दल एलिएसेर दर रविवारी मेणबत्ती लावायचा. पाठदुखीचं गाऱ्हाणं मात्र त्यानं देवापाशीही नेलं नव्हतं.

डोन्या रोसाल्बानं गुळाच्या गरम पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला. आत चीजचा तुकडा टाकलेला होता.

“हे पी आणि शहाण्यासारखं बोल. एक्कावन्न करू ना?”

“डोन्या, एक्कावन्नवर फेर्मिन कसा बसेल? मग माझा संघाला उपयोग काय?”

“मी तुझी फ्रेम करतेय, फेर्मिनची नाही.”

“असं कसं? फेर्मिनचं जे माप, तेच माझं. त्यात बदल नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

“मग झालं तर. एक्कावन्न.”

एलिएसेरचा पेला ओठांपाशीच थांबला. “म्हणजे?”

“काल तोही येऊन गेला,” डोन्या रोसाल्बा म्हणाली. “मी पट्टी उचलली, तर हातच लावू देईना. म्हणे, माझं मोजू नका. उद्या एलिएसेर येईल, त्याचं जे निघेल तेच माझं धरा.”

“अहो, पण तो केवढा लांबलचक! त्याचे गुडघे हँडलला लागतील!”

“मीही तेच म्हटलं. वेडबिड लागलंय का रे, असंसुद्धा विचारलं.” तिनं खडू खाली ठेवला. “तर म्हणाला, माझा दम संपत आला, डोन्या. त्या पोरानं माझ्यासाठी पाठ मोडून घेतली. यंदा घाटात पुढे तो राहणार, आणि त्याचं चाक बसलं, तर माझी सायकल त्याला नीट बसायला हवी.”