लाटण्याची दिशा

"आज तरी सांगा, मॅडम," भालचंद्र म्हणाले. "चौथी खेप माझी. गेटवरचा शिपाई आता पासही मागत नाही. 'आ गए, अंकल?' एवढंच म्हणतो."

पद्मजाने त्यांना खुर्ची दिली. क्ष-किरण यंत्राचा आलेख अजून निघायचा होता.

भालचंद्रांचा मुलगा श्रीरंग मानेसरच्या एका कारखान्यात प्रेसवर होता. दोन वर्षांपूर्वी मोटारीचा भाग दाबताना पत्रा फाटला, तुकडा उडून त्याच्या गळ्यात घुसला. चौकशीत ठरलं की श्रीरंगने पत्रा आडवा घातला. बापाने अर्जांवर अर्ज केले, तेव्हा कुठे तो तुकडा सीलबंद पाकिटातून या सरकारी प्रयोगशाळेत आला.

"नात पहिलीत आहे," भालचंद्र म्हणाले. "वर्गात कुणीतरी तिला सांगितलं, तुझे बाबा स्वतःच्या चुकीने गेले. सून त्या दिवसापासून जेमतेम बोलते."

"पत्रा लाटताना आतले स्फटिक ठरावीक दिशेला वळतात," पद्मजा म्हणाली. "डोळ्यांना दिसत नाही, पण यंत्राला..."

"माहीत आहे, मॅडम. तीस वर्षं त्याच कारखान्यात पत्रे कापण्यातच गेली. आडवा घातला तर ताण सोसत नाही, फाटतो. श्रीरंगला तिथे मीच चिकटवला. एकाच बसने जायचो. डबाही एकच."

आलेख आला. पद्मजाने तो दोनदा तपासला.

"पत्रा आडवाच गेला होता, काका."

त्यांनी मान खाली घातली. "म्हणजे त्याचीच चूक."

"नाही. नीट ऐका. पत्रा चौरस होता. उभा कुठला, आडवा कुठला, नुसतं बघून कळत नाही. प्रेसवाला पत्रा कापताना वर काढलेल्या बाणावर विसंबतो. बरोबर?"

"बिल्कुल."

"हा तुकडा तेलाने काळा झाला होता. काल धुतला, तेव्हा खाली बाण निघाला. साच्याचे उमटलेले वळही बघितले. श्रीरंगने पत्रा अगदी बाणाप्रमाणे घातला होता. बाणच चुकीच्या दिशेला काढलेला आहे."

भालचंद्रांनी मान वर केली. "त्याची चूक नाही?"

"तसूभरही नाही. सुनेला आजच सांगा. नातीलाही. मी अहवालात तसंच लिहिते. बाण कुणी काढला ते कंपनीने शोधावं."

तिने तुकडा त्यांच्यासमोर सरकवला. दोन वर्षांत त्यांनी तो पहिल्यांदाच पाहिला. चष्मा लावून ते खिडकीपाशी गेले. निळ्या रंगाचा बाण होता, शेपटाला दोन तिरक्या रेघा. त्यांनी त्या रेघांवरून अंगठा फिरवला. मग पुन्हा एकदा फिरवला.

"चहा मागवू, काका?"

"नको." त्यांनी तुकडा हलकेच टेबलावर ठेवला. "आणि कुणाला शोधायलाही नको, मॅडम. हा बाण मी काढलाय."