किल्ली काढून घे

"दादा, किल्ली काढून हातात घे, मगच मी आत हात घालतो," रंगनाथ बॉनेटखालून म्हणाला. जमिनीचा दावा लागल्यापासून दोघे भाऊ आज पहिल्यांदाच बोलत होते, तेही दादाची गाडी तापून नेमकी रंगनाथच्या गॅरेजसमोर बंद पडली म्हणून.

रेडिएटरचा पंखा फिरत नव्हता. पात्यांमधून बोटं घालून रंगनाथने मागचा सैल प्लग चाचपला, दाबून बसवला. तोच पंखा गर्रकन फिरला. बोटं थोडक्यात वाचली.

त्याच्या डोक्यात तिडीक गेली. दादाने मुद्दाम किल्ली फिरवली होती. पाना उचलून तो खिडकीकडे धावला.

दादाचे दोन्ही हात खिडकीबाहेर होते. किल्ली मुठीत होती. पंखा अजून फिरतच होता. तापलेल्या गाडीचा पंखा किल्लीशिवायही फिरतो, हे रंगनाथ गिऱ्हाइकांना रोज बजावायचा.

"तुला दिसावेत म्हणून मघापासून असेच धरलेत," दादा म्हणाला.