निकिताचं जहाज

जमलं! फिनलंडमधल्या गोठवलेल्या हौदात जहाजाचा छोटा नमुना बर्फावर चढला, स्वतःच्या वजनानं बर्फ मोडत सरळ पुढं निघाला, कुठं अडकला नाही. हे सगळं पडद्यावर बघणाऱ्या कोचीच्या ऑफिसात एकच कल्ला झाला. नेमकी तेव्हाच इकडं मालेगावात, घरून काम करणाऱ्या निकिताकडची लाईन गेली.

वरच्या खोलीत निकिता एकटीच टाळ्या वाजवत राहिली. मग तिचं तिलाच कसंसं वाटलं. घाईघाईनं मोबाईलवरून पुन्हा जोडून बघितलं, तोवर मंडळी केक कापायला उठून गेली होती. पडद्यावर रिकाम्या खुर्च्या.

दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रात संशोधनाला जाणाऱ्या त्या जहाजाची नाळ, म्हणजे समोरचं नाक, निकितानं आखलेलं. मागच्या चाचणीत नाळेखाली बर्फ तुंबला आणि नमुना जागीच बसला. आज बसला असता तर काम तिच्या हातून गेलंच होतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं. आता कुणाला तरी सांगायला नको? आनंद काय एकटीनं गिळायची गोष्ट आहे!

तिनं नवऱ्याला, लखनला, दुकानात फोन लावला.

"अहो, माझं जहाज पास झालं!"

"अरे वा! पार्टी पायजे मंग," लखन म्हणाला आणि गिऱ्हाइकाला सोयाबीनचं बियाणं दाखवायला वळला.

तसा माणूस हौशी. लगेच त्यानं स्टेटस ठेवलं: निकिताचा लग्नातला फोटो, भोवती फटाके, खाली 'नवीन जहाजाबद्दल हार्दिक अभिनंदन'. झालं! फोनवर फोन सुरू. धनजहून लखनचे फुलसिंगमामा विचारत होते, "सूनबाई, मासे धराचा धंदा काढला का वं? अडाण धरनात सोडता का जहाज?"

निकिता हसली. हसता हसता रडूच आलं. तिनं फोन बंद केला आणि तडक गच्चीवर गेली.

गच्चीत सासू, सोजरबाई, पापड वाळवत बसली होती.

"आई, एक दाखवू का?"

"दाखव. पन पापडावर सावली नोको पाडू."

निकितानं ओढणीचा आडोसा करून चाचणीचा व्हिडिओ लावला. सोजरबाईनं डोळे बारीक करून तो शेवटपर्यंत बघितला. दिवसभरात तिच्या शेजारी बसून शेवटपर्यंत बघणारं पहिलंच माणूस ते.

"पापड मोडल्यावानी मोडून राह्यलं वं हे! तू केलं?"

"समोरचं नाक मी काढलं."

"पुन्हा लाव."

दुसऱ्यांदा सोजरबाईनं बोट ठेवलं ते जहाजावर नाही, त्याच्या मागं. तिथं फुटलेले तुकडे तरंगत तरंगत एकमेकांना भिडत होते.

"मांगची वाट बुजून राह्यली न वं. गोठत असन हे पुन्हा?"

"गोठते."

"मंग माघारी कसं येते ते?"

"पुन्हा फोडत यावं लागते, आई."

"सोबतीले कोनी?"

"कोणी नाही. एकटंच जाते."

सोजरबाईनं एक पापड उलटला. मग दुसरा.

"बाया जातात का त्याच्यात?"

"जातात न."

"मी या घरात आली, तवा मलेबी वाटे, मांगचा रस्ता तसाच असन," सोजरबाई म्हणाली. फोन तिनं निकिताच्या हातात परत दिला. "पुढं त कोनीबी जाते, बाई. माघारी येता येईन, असं बनवजो त्याले."